खुसपटरावांचं निमूट

काही बायकांना प्रत्येक सुनेत खोट दिसते, काही पुरुषांना प्रत्येक जावयात. खुसपटरावांना ना सून ना जावई, म्हणून त्यांनी ही सगळी हौस लिनक्सवर भागवून घेतली.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. ती फुकट मिळते, आणि ज्याला हवी त्यानं ती घ्यावी, आपल्या मनासारखी कापावी, बेतावी, शिवावी, वर आपलं नाव टाचून दुसऱ्याला द्यावी, अशी तिची रीत. कापड एकच, शिंपी शेकडो. एकाचा सदरा ढगळ, एकाला खिसेच नाहीत, एकानं बटणं पाठीवर लावलेली. या एकेका सदऱ्याला डिस्ट्रो म्हणतात. खुसपटरावांनी असे इतके सदरे अंगात घातले आणि इतके फेडले, की त्यांचा संगणक बिचारा बहुतेक दिवस उघडाच असायचा.

त्यांचं मागणं काही फार नव्हतं. एखादी डिस्ट्रो धड असावी, एवढंच. पण धड म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते आधी काय काय धड नाही ते सांगायला बसत, आणि विचारणाऱ्याचा चहा निवून जाई.

एकीनं पडद्यावरची खिडकी मिटायची फुली डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली होती. "जन्मभर हात उजवीकडे जातोय," खुसपटराव म्हणत, "आणि यांना वाटलं, चला, जरा गंमत करू." दुसरी इतकी टापटिपीची की पडद्यावर काहीच नाही, भाडेकरू सोडून गेल्यावर खोली दिसते तसा मोकळा, भकास पडदा. काही हवं असेल तर माउस कोपऱ्यात नेऊन आपटायचा, मग सगळं घर एकदम अंगावर धावून यायचं. तिसरी भलती सावध. नवा प्रोग्राम आला की त्याला आधी दाराबाहेर बसवायची, त्याचं वय होऊ द्यायची, केस पिकले की मग आत घ्यायची. चौथीला नव्याचं वेड. तिच्यात झोपताना दार भिंतीत असायचं आणि सकाळी उठून बघावं तर छपरात. पाचवीत प्रत्येक प्रोग्राम आपला संसार पाठीवर घेऊन यायचा. बेरीज-वजाबाकी करणारा साधा कॅल्क्युलेटर, पण आला तो सगळं बिऱ्हाड घेऊन, आणि हार्डडिस्कमध्ये पाय पसरून बसला.

आणि एक होती, जिच्यात सगळं आपल्या हातानं जुळवायचं. पाया आपण खणायचा, विटा आपण भाजायच्या. खुसपटराव आठवडाभर खपले, तेव्हा काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. त्यांनी बायकोला हाक मारून ती दाखवली.

"ही काय करते?" बायकोनं विचारलं.

"लुकलुकते."

"आणि?"

"आणि काय. चालू झाला म्हणजे."

दुसऱ्याचं तान्हं बाळ बघावं तशी बायको त्या रेघेकडे बघत राहिली, "छान आहे हो" म्हणाली आणि आत गेली. तिला कपड्यांच्या घड्या घालता घालता शब्दाला शब्द जोडून गुणगुणायची सवय होती. थोड्या वेळानं आतून आवाज आला:

नवं आणलं सकाळी, नावं ठेविली दुपारी,
माझ्या खुसपटरावाची सांज पुन्हा कोऱ्या घरी.

खुसपटरावांनी लगेच बोटांवर अक्षरं मोजली. तिसऱ्या चरणात एक अक्षर जास्त निघालं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

खुसपटराव हे नाव ताईनं ठेवलेलं. लहानपणी नवा शर्ट हातात आला की हा भाऊ तो अंगात घालण्याआधी उलटा करून शिवण बघायचा. तेव्हा ताईनं जे नाव उच्चारलं ते त्यांच्या केसांबरोबर पिकलं, पण गळालं नाही. पुढे ते नकाशे छापणाऱ्या एका कचेरीत संगणक सांभाळायला लागले, आणि खुसपटं काढण्याचा त्यांना पगार मिळू लागला. मग एके दिवशी कचेरीनं ठरवलं की संगणक सांभाळणारा माणूस जवळच असायला पाहिजे असं नाही, लांबचाही चालतो, आणि लांबचा स्वस्त पडतो. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, तुमची उणीव फार भासेल. त्यानंतर कचेरीतून एकदाही फोन आला नाही. म्हणजे उणीव बेताचीच असावी.

राहता राहिला ताईचा संगणक.

ताई दात करायची. डॉक्टर लोक तोंडातली मापं घेत, आणि त्या मापांवरून कवळ्या, कॅपा, आख्खे दात ताईच्या लांबट खोलीत जन्माला येत. दारापासून खिडकीपर्यंत एक लाकडी फळी, तिच्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं बसलेले, कुणी हसतोय, कुणी तोंड वासतोय. कोपऱ्यात बारकी भट्टी, खिडकीशी ताईचं स्टूल. पुढचे दात ही तिची खासियत. डॉक्टर पेशंटच्या दाताचा फोटो पाठवत, दाताशेजारी रंगाच्या पट्टीतला नमुन्याचा दात धरलेला असे. "नमुन्यावरचा नंबर सगळेच बघतात," ताई म्हणायची, "मी दात बघते." मग ती पडद्यावरचा फोटो पुढ्यात ठेवून बारीक ब्रशनं ओली पूड थरावर थर लावत जाई. मुळाशी मध, मध्ये हस्तिदंत, टोकाला पाण्याच्या थेंबासारखा निळसर पारवा. एवढे रंग एका दातात असतात हे खुसपटरावांना तिच्याकडूनच कळलं होतं.

तर हा पडदा, हा फोटो आणि प्रत्येक डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारा तो संगणक खुसपटरावांच्या ताब्यात होता. त्यांच्या घराबाहेर जगात एवढा एकच संगणक उरला होता, जो बिघडला की कुणीतरी त्यांना फोन करायचं. तो बिघडायचा, कारण तेच दर काही महिन्यांनी त्याच्यावर नवी डिस्ट्रो चढवायचे. पण हा तपशील बहीणभावांनी कधी खोलात जाऊन तपासला नव्हता.

ताईनं तो अखेर तपासला. नव्याचं वेड असलेल्या डिस्ट्रोनं एका सकाळी प्रिंटरला ओळखच दाखवली नाही आणि सगळे डबे बिनचिठ्ठीचे राहिले, तेव्हा ती म्हणाली, "हे बघ, तुला एक शेवटची संधी. यानंतर माझं काम अडलं तर मी दुकानातून तयार संगणक आणते, विकतच्या प्रणालीसकट. दुकानवालाच येऊन बघून जाईल."

"दुकानवाल्याला काय कळतंय?"

"नसेल कळत. पण तो त्यावर रोज नवीन काही घालत नाही."

खुसपटराव घरी आले ते खांदे पाडूनच. दुकानवाला आला तरी ताई भावाला जेवायला बोलावणार, ख्यालीखुशाली विचारणार, आजारी पडले तर धावून येणार. पण "अरे, जरा येऊन बघतोस का" असं आता कुणी म्हणणार नव्हतं. ते जे एक वाक्य होतं, त्याच्यावर त्यांचा आठवडा उभा असायचा.

मनातली मळमळ कुठेतरी ओकायला हवी, म्हणून त्यांनी लिनक्सवाल्यांच्या एका चर्चापानावर सगळ्या डिस्ट्रोंचा एकत्र पंचनामा लिहून काढला. लेख सजवला होता, उपमा घातल्या होत्या, भाडेकरूची खोली होती, छपरातलं दारही होतं. कुणा अनोळखी माणसानं खाली एवढंच लिहिलं: "इतकं कळतं तर स्वतःची करून दाखवा."

ते वाक्य खुसपटरावांना आधी झोंबलं. मग रुतलं. आणि मग, सांगायला लाज वाटते, पण गोड लागलं.

त्यांनी करायला घेतली. नाव ठेवलं निमूट. जी विचारत नाही, सांगत नाही, मधे मधे करत नाही, दिलेलं काम मान खाली घालून करते अशी प्रणाली. इतक्या वर्षांत काढलेली सगळी खुसपटं त्यांनी समोर मांडली आणि एकेकाचा निकाल लावला. टिंगटिंग वाजणारी घंटा काढली. 'खरंच बंद करू का' असं विचारणारी चौकट काढली; बंद कर म्हटलं की करावं. पडद्यावरचं घड्याळ काढलं, माणसाचं चित्त सारखं तिकडे जातं. कचऱ्याची टोपली काढली. ज्याला टाकायचं त्यानं विचार करून टाकावं. सेटिंगचं पान तर त्यांनी मुळासकट उपटलं. सेटिंग म्हणजे करणाऱ्याला न घेता आलेला निर्णय, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांनी सगळे निर्णय घेऊन टाकले.

पडद्याच्या निळ्या झगमगाटावर त्यांचा जुना राग होता. म्हणून निमूटचा पडदा त्यांनी कायमचा उबदार करून टाकला, दिवे लागतानाच्या उजेडासारखा. त्याला सांजउजेड म्हटलं. तो बंद करायची सोय ठेवली नाही. सोय ठेवली की लोक बंद करतात, हा अनुभव होता.

निमूट तयार झालं तेव्हा खुसपटराव खुर्चीत मागे रेलले आणि कितीतरी वेळ नुसते बघत बसले. कुठेच खोट दिसेना. एवढ्या मोठ्या जगात हे एकच असं, ज्यात खोट नाही, आणि ते नेमकं आपल्याच हातून व्हावं, या योगायोगाचं त्यांना जरासुद्धा नवल वाटलं नाही.

"बघ," ते बायकोला म्हणाले.

बायकोनं बघितलं. "पिवळं आहे."

"उबदार आहे."

"बरं, उबदार," ती म्हणाली. "ताईंकडे घालणार आहात?"

"शेवटची संधी आहे."

"मग एकदा त्यांना विचारून घ्या, त्यांना काय काय लागतं ते."

"अगं, लागणारं सगळं आहे त्यात. न लागणारं काढलंय."

बायकोनं हातातला टॉवेल उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. तिला काही बोलायचं नसलं की ती असं करायची.

निमूट ताईच्या खोलीत गेलं. पहिला फोन दुसऱ्या दिवशी आला.

"अरे, चिठ्ठ्या येत नाहीयेत."

"कागद संपला असेल."

"मग सांगायला नको त्यानं?"

"निमूट सांगत नाही. मुद्दाम आहे ते. कामात व्यत्यय नको म्हणून."

"काम बंद पडलंय. व्यत्यय कशात येणार?"

"तुला सवय होईल, ताई."

मग घड्याळ. "घड्याळ कुठे गेलं रे?"

"काढलं. सारखं लक्ष जातं."

"मला लक्ष द्यायचंच असतं. भट्टीत दात आहेत."

"भट्टीला स्वतःचं घड्याळ आहे की."

"आणि मला? मला घरी जायचं नसतं?"

मग टोपली. ताईच्या हातून एका पेशंटचे फोटो पुसले गेले होते आणि ती पडदाभर टोपली शोधत होती.

"टोपली नाहीये," खुसपटराव म्हणाले.

"मग पुसलेलं जातं कुठे?"

"जातं."

"कुठे पण?"

"जातं म्हणजे जातं, ताई. पुसण्याआधी विचार करायचा. वापरायची पद्धत चुकतीय तुझी."

सवय होईल. मुद्दाम आहे. पद्धत चुकतीय. ही वाक्यं कुठेतरी ऐकली आहेत असं त्यांना पुसट वाटून गेलं. ऐकली कसली, त्यांनी तक्रार केली की हरेक डिस्ट्रोवाल्यानं हीच त्यांच्या तोंडावर मारली होती. फक्त तेव्हा ती उर्मट वाटली होती आणि आता आपल्या तोंडून किती शहाणी वाटत होती.

ताईनं दुकानवाल्याचं नाव मात्र काढलं नाही. कुरकुरली, चिडली, चालवून घेतलं. आणि मग फोन येईनासे झाले. खुसपटरावांनी त्याचा अर्थ काढला की सवय झाली. त्यांनी बायकोला तसं सांगितलंही, दोनदा.

बऱ्याच दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज खाली गेलेला. "वेळ असेल तेव्हा ये. संगणक घेऊन जा."

खुसपटराव समजले. आणला, दुकानातला आणला. वाटेत चालता चालता त्यांनी दुकानी प्रणालीविरुद्ध भाषण जुळवलं. ते इतकं रंगलं की आपलं वळण मागे पडल्याचं त्यांना उशिरा कळलं आणि परत यावं लागलं. पण खोलीत पाय टाकला तर नवं खोकं कुठेच नव्हतं. जुनाच पडदा सांजउजेडात निवांत बसला होता. ताई खिडकीशी स्टुलावर, ब्रश धुऊन पुसून बाजूला ठेवलेले, आणि रंगाच्या पुडींच्या बाटल्या ती एका डब्यात भरत होती.

"नवा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नवा कशाला? मला आता लागणारच नाहीये. पुढचे दात बंद केले मी."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे करणार नाही. दाढा करीन. दाढांना फोटो लागत नाहीत. मागचं कुणाला दिसतंय."

ती ब्रशच्या केसांवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "डोळे गेले रे माझे."

खुसपटराव उभ्याचे बसले.

तिनं सांगितलं ते असं. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंच्या पुढच्या दाताची कॅप होती. डॉक्टरीणबाईंनी ती बसवून पाहिली आणि परत पाठवली, शेजारच्या दातांपेक्षा पिवळी दिसते म्हणून. ताईनं पुन्हा केली, फोटो समोर ठेवून, जीव ओतून. पुन्हा पिवळी. मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडूनही एक परत आली, तीही तशीच. डोळे तपासणाऱ्यांकडे गेली तर ते म्हणाले, नजर तर ठीक आहे, पण वयानं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, रंगांत थोडा फरक पडत असेल.

"पडत असेल," ताई म्हणाली. "एवढ्याशा थोड्यावर माझं पोट आहे. डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, समोरच्या दातांसाठी दुसरं कुणी बघा." तिनं नुकतीच परत आलेली कॅप चिमट्यात धरून त्यांच्यापुढे केली. "तूच बघ. माझ्या डोळ्यांना तर अगदी एक दिसतंय."

खुसपटरावांनी कॅप पडद्यावरच्या फोटोशेजारी धरली. एकच. तोच मध, तोच हस्तिदंत. बोट ठेवायला जागा नाही. त्यांनाही एकच दिसत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

कॅप ठेवायला त्यांनी फळीवरची एक कोरी चिठ्ठी ओढली. पडद्याच्या कडेला ती पांढरी चिठ्ठी आणि तिच्या शेजारी पडद्यावर चिठ्ठीचंच चित्र, छापायला तयार. कागदाची चिठ्ठी कशी, दुधासारखी. पडद्यावरची कशी, लोण्यासारखी.

त्यांनी कागदाची चिठ्ठी पडद्याला आणखी चिकटवून धरली.

सांजउजेड. इतके दिवस सगळा पडदा एकाच रंगात भिजला होता, डोळे त्याला सरावले होते, आणि ताई त्या सांजवेळेतले दात बघून दिवसाच्या उजेडात वावरणाऱ्या माणसांना दात करून देत होती. जसं दिसलं तसं केलं. हात पक्का, नजर पक्की, खोटा होता तो फक्त दिवा.

आता गंमत बघा मनाची. पहिला विचार आला तो असा: गुपचूप काढून टाकू. कळतंय कुणाला? ताईला म्हणू, एकदा नव्यानं करून बघ. ती करील, ती बरोबर येईल, तिचे डोळे बरे होतील, आणि धीर दिल्याचं श्रेयही आपल्याला. हा विचार इतका सफाईदार होता, की त्यातही त्यांना खोट दिसेना. आणि आपल्याला खोट दिसत नाही म्हणजे काय होतं, ते नुकतंच चिमट्यात धरून झालं होतं. तरी त्यांचे हात कीबोर्डकडे गेले. पण बंद करायचं बटण ठेवलेलंच नव्हतं. निमूटच्या आतड्यात हात घालून, ओळीमागून ओळ लिहून तो उजेड उपसून काढावा लागणार होता, आणि ताई शेजारी बसून बघत होती.

"काय करतोयस?"

"काही नाही. जरा साफसूफ."

खिडकीची काच कुणी ओल्या फडक्यानं पुसावी तसा पडदा एकदम लख्ख झाला. फोटोतले दात उजळले. आणि त्यांच्याशेजारी चिठ्ठीवर ठेवलेली ताईची कॅप बसल्या जागी पिवळी पडली.

ताई स्टुलावरून उठली. कॅपकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा कॅपकडे. "हे काय झालं?"

खुसपटरावांना माफी मागता येत नसे. ते शिक्षण राहूनच गेलं होतं. त्यांना आयुष्यात एकच भाषा नीट यायची, तक्रारीची. तिच्यातच ते बोलायला लागले.

"ही निमूट म्हणून एक डिस्ट्रो आहे," ते म्हणाले. "इतकी भिकार डिस्ट्रो मी जन्मात बघितली नाही. करणाऱ्याला वाटलं, पडदा पिवळा छान दिसतो. दिसो ना. तुझ्या घरी लाव. पण नाही, सगळ्यांच्याच घरी लावायचा, आणि वर बंद करायची सोय नाही. का, तर लोक बंद करतील. अरे, लोक बंद करतील म्हणजे लोकांना नको आहे, एवढं कळू नये? कागद संपला तर सांगत नाही. पुसलेलं परत देत नाही. घड्याळ काढून टाकलं, कारण याला स्वतःला कुठे जायचं नसतं, दिवसभर घरीच बसलेला असतो. एकदा, एकदा तरी दात करणाऱ्या बाईला विचारावं की बाई, तुला काय बघायचं असतं? विचारलं नाही. आणि तिनं सांगितलं तर म्हणाला, तुझी पद्धत चुकतीय." त्यांचा श्वास संपला. "माणसाचे डोळे चांगले असताना त्याला आंधळं ठरवते ती. असली डिस्ट्रो."

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे माझे डोळे..."

"काही झालं नाहीये तुझ्या डोळ्यांना."

ती पुन्हा स्टुलावर बसली. चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, पुन्हा काढला. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, भिंतीवर पाण्याचा पाइप होता, आणि ती तो पाइप असा बघत होती जसा काही कुणी तिच्यासाठीच रंगवून दिला असावा.

मग तिला राग आला. यायलाच हवा होता. "ती कॅप मी किती वेळा केली, ठाऊक आहे? घरी गेल्यावर दिव्याखाली धाग्यांची रिळं मांडून बसायची, कुठला पिवळा, कुठला पांढरा, स्वतःची परीक्षा घेत. आणि तू तिकडे सगळ्यांना सांगत फिरतोयस, ताईला सवय झाली."

"तुला कुणी सांगितलं?"

"वहिनीनं. आणखी कोण सांगणार."

बोलण्यासारखं खुसपटरावांनी सगळं निमूटबद्दल बोलून संपवलं होतं. शेवटी ते उठले. "दुकानातला आण, ताई. खरंच आण. चांगला असतो. मी दुकानवाल्याला काय काय लागतं ते समजावून देतो."

"दुकानातल्यातही कुणीतरी बसलेलाच असेल की, तुझ्यासारखा," ताई म्हणाली. "सगळे निर्णय घेऊन मोकळा झालेला. तो मला भेटणारे का, शिव्या घालायला? तू निदान हाताशी आहेस. बस खाली."

ते बसले.

"तिकडे नको, इकडे. खिडकीशी, उजेडात."

तिनं खणातून ओठ मागे ओढून धरायचं प्लास्टिकचं साधन काढलं आणि काही कळायच्या आत त्यांच्या तोंडात बसवलं. खुसपटरावांचे ओठ कानांकडे निघाले, सगळे दात उघडे पडले, फळीवरल्या प्लास्टरच्या जबड्यांत आणखी एकाची भर पडली.

"तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही," ताई म्हणाली. "पडद्यावर दात जसा आहे तसा दिसतो की नाही, ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार. जसा तोंडातला दात तसाच पडद्यावरचा, मगच हा संगणक इथे राहील. आणि मगच तू."

तिनं रंगाच्या पट्टीतला एक नमुना त्यांच्या दाताला टेकवला, बदलला, दुसरा टेकवला, कॅमेऱ्यानं फोटो काढला. मग फोटो पडद्यावर घेऊन ती एकदा पडदा, एकदा भावाचं तोंड, अशी सावकाश बघायला लागली. घाई तिला कधीच नव्हती. आज तर मुळीच नव्हती. आणि हात चालू असताना तिचं तोंडही चालू झालं.

"घड्याळ मला परत पाहिजे. मोठं, कोपऱ्यात. कळलं का?"

"आआ," खुसपटराव म्हणाले.

"टोपली पाहिजे. कागद संपला की वाजलं पाहिजे, आणि असं वाजलं पाहिजे की भट्टीपाशी ऐकू आलं पाहिजे. अक्षरं मोठी कर, मुंग्यांची रांग नको मला. बंद करताना विचारू दे त्याला, खरंच बंद करू का म्हणून. मला आवडतं कुणी विचारलेलं. आणि पुढच्या वेळी काहीही घालायच्या आधी मला फोन करायचा. मी तुला नाही, तू मला."

"आआ. अं."

"काय?"

त्यांना म्हणायचं होतं की घंटेचा आवाज कमीजास्त करायची एक सोय ठेवू या का, म्हणजे तुला हवा तसा. म्हणजे सेटिंग. हा शब्द आपल्या मनात आला याचंच त्यांना इतकं नवल वाटलं, की ओठ मोकळे असते तरी तो बाहेर पडला नसता.

"हां," ताई एकाएकी म्हणाली आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकली. मग त्यांच्या तोंडाजवळ वाकली. नमुना धरला, सरकवला, पुन्हा धरला. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. "आता आहे तसा दिसतोय."

"अआ?"

"पिवळा. हा खरोखरचा पिवळा आहे, तुझाच. चहा कमी कर."

तिनं डब्यातून एक बाटली काढून खिडकीत ठेवली, मग दुसरी, मग सगळ्याच काढायला लागली. मधेच थांबून तिनं फोन उचलला. "डॉक्टर मॅडम, मी बोलतेय. त्या गाण्याच्या बाईंचा दात दुसऱ्या कुणाकडे दिला नाही ना अजून? मग देऊ नका. मी करते. नाही, डोळे ठीक आहेत. अहो, ते काय झालं, माझा एक भाऊ आहे..."

खुसपटरावांनी हातानं खूण करून तोंडातलं साधन काढायला सांगितलं. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि बोलत बोलत खिडकीकडे पाठ फिरवली. गोष्ट लांबलचक होती. ती अगदी शर्टाच्या शिवणीपासून सुरू झाली होती.